परिचारिकेची परीक्षा

लंडनमधील सेंट टॉमस रुग्णालयांत १८६० सालीं परिचारिकांची एक शाळा सुरू झाली. क्रिमियाच्या युद्धांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं केलेल्या सेवेबद्दल कृतज्ञता म्हणून इंग्लंडांत जो निधि जमला होता, त्यांतून ही शाळा उभी राहिली. शिक्षणाचा काळ एक वर्षाचा होता. आणि त्या वर्षाच्या अखेरीस परक्या परीक्षकांपुढें बसून उत्तरें लिहिण्याचा प्रसंग कोणा मुलीवर येत नसे. मुख्य परिचारिका मिसेस वॉर्डरोपर यांच्यापाशीं प्रत्येक मुलीच्या नांवाचा एक तक्ता असे व तो दर महिन्याला भरला जाई. वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, अंगावरील कपड्यांची टापटीप, स्वच्छता, रोग्यांच्या दालनाची व्यवस्था अशीं त्यांत सदरें असत. वर्षभराच्या पाहणीनंतर मुलगी योग्य ठरली, तर तिचें नांव शाळेच्या वहींत चढे. तिची परीक्षा रोजच चाले. परंतु परीक्षेचा म्हणून ठरलेला दिवस नसे.

याच परंपरेंतून वाढलेल्या व्यवसायांत आज अगदीं निराळें दृश्य दिसतें. अमेरिकेंत नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे रोग्याला तपासून निदान करण्याचा व औषध लिहून देण्याचा अधिकार असलेली परिचारिका, होऊं इच्छिणाऱ्या स्त्रीला संगणकापुढें बसून ठराविक तासांत दीडशेंच्या वर-खालीं प्रश्न सोडवावे लागतात. अनेक वर्षें जिनें रात्रपाळ्या केल्या, मरणाच्या दारांतून परत आलेलीं माणसें जिनें पाहिलीं, अशी अनुभवी परिचारिका त्या खोलींत शिरतांना तिच्या घशाला कोरड पडते आणि पोटांत गोळा येतो. रोग्याच्या उशाशीं जी घाबरत नाहीं, ती प्रश्नपत्रिकेपुढें कां घाबरावी? या प्रश्नाचें उत्तर केवळ त्या स्त्रीच्या स्वभावांत शोधून मिळत नाहीं. परिचारिकेच्या परीक्षेचा इतिहास पाहिला, तर तें पुष्कळसें उलगडतें.

ही परीक्षा व्हावी म्हणून जिनें सर्वांत मोठा झगडा केला, ती स्त्रीहि परिचारिकाच होती. एथेल मॅन्सन या १८८१ सालीं, अवघ्या चोविसाव्या वर्षीं, लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या मुख्य परिचारिका झाल्या. १८८७ सालीं त्यांचा विवाह डॉ. बेडफोर्ड फेनविक यांच्याशीं झाला. नोकरी सुटली, पण व्यवसायाचा ध्यास सुटला नाहीं. त्याच वर्षीं त्यांच्या पुढाकारानें ब्रिटिश नर्सेस असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. तिची मुख्य मागणी थोडक्यांत अशी होती: परिचारिकांचें एक राष्ट्रीय नोंदपुस्तक असावें, तीन वर्षांचें शिक्षण पुरें करून समान परीक्षेला उतरलेल्या स्त्रियांचींच नांवें त्यांत यावींत, आणि त्या नोंदीला कायद्याचा आधार मिळावा.

या मागणीमागें तसेंच कारण होतें. त्या काळीं इंग्लंडांत कोणींहि पांढरा एप्रन बांधून स्वतःला परिचारिका म्हणवूं शके. एखाद्या रुग्णालयांत तीन वर्षें राबलेली मुलगी आणि तीन आठवड्यांत काम सोडून गेलेली मुलगी यांच्यांत फरक कसा करावा, हें घरीं परिचारिका बोलावणाऱ्या कुटुंबाला कळण्याचा मार्ग नव्हता. डॉक्टरांची नोंद १८५८ च्या कायद्यानें होऊं लागली होती. मग ज्या हातांवर रोग्याची रात्रंदिवस भिस्त असते, त्या हातांची पारख कां होऊं नये, असें फेनविकबाईंचें म्हणणें होतें. परीक्षा ही त्यांच्या दृष्टीनें स्त्रीवर घातलेलें ओझें नव्हतें. शिकलेल्या स्त्रीला भोंदू स्त्रीपासून वेगळें काढणारी ती ढाल होती.

या मागणीला सर्वांत वजनदार विरोध आला तो खुद्द नाइटिंगेलबाईंचा. साऱ्या जगानें ज्यांना परिचर्येची माता मानलें, त्यांनींच परिचारिकेच्या सरकारी नोंदणीला विरोध करावा, याचें अनेकांना आश्चर्य वाटलें. पण त्यांचे आक्षेप उथळ नव्हते. पहिला आक्षेप असा कीं, परिचर्येचें मर्म शीलांत आणि हाताच्या सवयींत आहे. तें परक्या परीक्षकाला उत्तरपत्रिकेवरून दिसणें शक्य नाहीं. पुस्तकाचें पान तोंडपाठ म्हणणारी मुलगी रोग्याची कूस बदलतांना धसमुसळी असूं शकते, आणि लेखणी धरतांना अडखळणारी मुलगी अंधारांतहि रोग्याच्या श्वासांतला बदल ओळखूं शकते. दुसरा आक्षेप असा कीं, एकदां वहींत चढलेलें नांव तसेंच राहतें, माणूस मात्र तसेंच राहत नाहीं. दहा वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेली स्त्री आज कशी आहे, हें तें नांव सांगत नाहीं.

हा वाद तीस वर्षांहून अधिक काळ चालला. १९०४ सालीं पार्लमेंटनें चौकशीसाठीं समिति नेमली व तिनें पुढच्याच वर्षीं नोंदणीच्या बाजूनें मत दिलें. तरीहि कायदा झाला नाहीं. १९१० सालीं नाइटिंगेलबाई निवर्तल्या. पुढें पहिलें महायुद्ध आलें. हजारों जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसाठीं शिकलेल्या व न शिकलेल्या स्त्रिया एकाच दालनांत वावरूं लागल्या, तेव्हां भेद करण्याची गरज सर्वांनाच पटली. १९१९ च्या डिसेंबरांत परिचारिका नोंदणीचा कायदा संमत झाला आणि १९२५ सालीं इंग्लंडांत पहिली सरकारी परीक्षा झाली.

या इतिहासांत एक मौज आहे. १९२१ सालीं नोंदपुस्तक उघडलें, तेव्हां पहिल्या क्रमांकावर फेनविकबाईंचें नांव लिहिलें गेलें. आधींपासून काम करणाऱ्या परिचारिकांना अनुभवाच्या बळावर नोंद मिळण्याची सवलत कायद्यानें दिली होती. म्हणजे जिनें उभें आयुष्य परीक्षेसाठीं भांडण्यांत घालविलें, तिच्यावर स्वतः ती सरकारी परीक्षा देण्याची पाळी कधींच आली नाहीं.

इंग्लंड भांडत बसलें असतां इतर देश पुढें गेले होते. दक्षिण आफ्रिकेंतील केप वसाहतींत १८९१ च्या कायद्यानें परिचारिकांची नोंद होऊं लागली. न्यूझीलंडनें १९०१ सालीं केवळ परिचारिकांसाठीं स्वतंत्र कायदा केला, आणि १९०२ च्या जानेवारींत एलेन डॉगर्टी ही त्या देशाची पहिली नोंदणीकृत परिचारिका ठरली. अमेरिकेंत १९०३ सालीं नॉर्थ कॅरोलिना राज्यानें प्रथम असा कायदा केला व न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि व्हर्जिनिया हीं राज्यें त्याच वर्षीं त्याच्या मागोमाग आलीं. मुंबई इलाख्यांत परिचारिका, सुइणी व आरोग्य-निरीक्षिका यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ सालीं झाला, आणि साऱ्या भारतासाठीं परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ सालीं आला. अशा रीतीनें जगभर परिचारिकेच्या वाटेवर परीक्षेचें दार उभें राहिलें.

दार आलें तसें दाराचें भयहि आलें. परीक्षेचें भय ही केवळ मनाची कल्पना नव्हे, हें शास्त्रज्ञांच्या ध्यानांत विसाव्या शतकाच्या आरंभींच येऊं लागलें होतें. अमेरिकेंत १९१४ सालीं फोलिन, डेनिस व स्मायली या तिघांनीं वैद्यकाच्या दुसऱ्या वर्षाच्या ३४ विद्यार्थ्यांची लघवी एका कठीण परीक्षेच्या आधीं व नंतर तपासली. एकाच्या लघवींत आधींपासूनच साखर होती. उरलेल्या ३३ जणांपैकीं ६ जणांच्या लघवींत परीक्षेनंतर साखर उतरलेली आढळली. हार्वर्डचे प्रसिद्ध शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनीं १९१५ च्या आपल्या ग्रंथांत या प्रयोगाचा उल्लेख करून त्याचा अर्थ उलगडला. संकट समोर दिसतांच शरीर लढण्याची किंवा पळण्याची तयारी करतें. स्नायूंना इंधन मिळावें म्हणून रक्तांत साखर सोडली जाते, छाती धडधडते, तोंड कोरडें पडतें. वाघ समोर आला असतां ही व्यवस्था जीव वांचविते. प्रश्नपत्रिकेपुढें मात्र पळावयाचें नसतें आणि लढावयाचें तें बसल्या जागीं; म्हणून ती सारी शक्ति अंगांतल्या अंगांतच कोंडली जाते.

तथापि ही खळबळ सर्वस्वी वाईट, असेंहि म्हणतां येत नाहीं. १९०८ सालीं यर्क्स व डॉडसन या दोघां संशोधकांनीं उंदरांवर एक प्रयोग केला. दोन मार्गांपैकीं योग्य तो न ओळखल्यास उंदराला विजेचा झटका बसे. ओळख सोपी असे, तेव्हां झटका जोराचा असल्यास उंदीर लवकर शिकत. ओळख कठीण असे, तेव्हां मात्र मध्यम झटका उत्तम ठरे; फार जोराच्या झटक्यानें शिकणें मागें पडे. उंदरांवरून माणसाचा पुरा न्याय करूं नये हें खरें. परंतु थोडी धास्ती माणसाला अभ्यासाला बसविते आणि अतिरेकी धास्ती बसलेल्याला उठविते, हा अनुभव कोणत्या घरांत नाहीं?

इकडे परीक्षेचें रूपहि पालटत होतें. अमेरिकेंत पूर्वी प्रत्येक राज्याचें परीक्षामंडळ आपापले प्रश्न काढी व निबंधवजा उत्तरें हातानें तपाशी. दुसऱ्या महायुद्धांत परिचारिकांची निकड भासूं लागली आणि ही संथ पद्धति परवडेनाशी झाली. १९४४ पासून अनेक राज्यांनीं मिळून प्रश्नांचा एक सामायिक सांठा वापरावयास आरंभ केला. त्यांत चार उत्तरांतून एक निवडावयाचें असे व तपासणी यंत्रानें होई. परीक्षकाची मर्जी, अक्षराचें वळण, भाषेचा फुलोरा यांचा संबंध संपला. न्यायाच्या दृष्टीनें ही मोठीच सुधारणा होती. परंतु परीक्षार्थिनीच्या समोर पूर्वी निदान एका माणसाचा चेहरा कल्पिलेला असे; तो आतां नाहींसा झाला.

१९९४ सालीं याच्याहि पुढचें पाऊल पडलें. नोंदणीची ही परीक्षा संगणकावर आली, आणि तीहि अशा युक्तीनें कीं, उत्तर बरोबर आलें कीं पुढचा प्रश्न अधिक कठीण यावा व चुकलें कीं किंचित् सोपा यावा. परीक्षार्थिनीची पातळी निश्चित कळली, कीं यंत्र आपोआप थांबतें; कोणाची परीक्षा लवकर संपते, कोणाची लांबते. या रचनेमुळें हुशार मुलीलाहि आपल्या पात्रतेच्या काठावरचेच प्रश्न येत राहतात व जवळजवळ अर्धे चुकल्यासारखे वाटतात. वर्गांत नेहमीं पहिली येणारी मुलगी बाहेर येते ती रडवेल्या तोंडानें. आणि बहुधा ती उत्तीर्ण झालेली असते. येथें भयाचें एक कारण उघड होतें: मोजमापाची रीत ठाऊक नसली, कीं मापाखालीं उभें राहणाऱ्याला आपण खुजेच ठरणार असें वाटूं लागतें.

नर्स प्रॅक्टिशनरची परीक्षा या साऱ्याच्या पलीकडची, दुसऱ्या उंबरठ्यावरची. तिचा उगम १९६५ सालचा. कोलोरॅडो राज्यांत लॉरेटा फोर्ड या परिचारिका ग्रामीण भागांत सार्वजनिक आरोग्याचें काम करीत असत. डॉक्टर दूर, मुलें अनेक, आणि पुष्कळशीं दुखणीं अशीं कीं अनुभवी परिचारिकेला तीं ओळखतां यावींत, अशी तेथील परिस्थिति होती. त्यांनीं बालरोगतज्ज्ञ डॉ. हेन्री सिल्व्हर यांच्या सहकार्यानें कोलोरॅडो विद्यापीठांत परिचारिकांना मुलांची संपूर्ण तपासणी, वाढीची पाहणी व साध्या आजारांचे उपचार शिकविणारा अभ्यासक्रम सुरू केला. विरोध झाला, आणि तो दोन्ही बाजूंनीं झाला. हीं कामें डॉक्टरांचीं आहेत, असें कांहीं डॉक्टरांचें म्हणणें. तर परिचारिका आपला धर्म सोडून अर्धवट डॉक्टर होत आहेत, असें मार्था रॉजर्स यांच्यासारख्या परिचर्येच्या विदुषींचें म्हणणें. फोर्डबाई मात्र १०४ वर्षें जगल्या व २०२५ च्या जानेवारींत वारल्या. आपण लाविलेलें रोप किती फोफावलें, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें.

१९७१ सालीं आयडाहो राज्यानें निदान व उपचार यांना परिचारिकेच्या कार्यक्षेत्रांत प्रथम कायदेशीर स्थान दिलें. अधिकार वाढला, तशी जुनी फेनविकी शंका पुन्हां उभी राहिली: नवें नांव लावणाऱ्या सर्वच स्त्रियांना तेवढें ज्ञान आहे, हें रोग्याला कसें कळावें? १९७० नंतरच्या दशकांत परिचारिकांच्याच संस्थांनीं प्रमाणपत्राच्या परीक्षा सुरू केल्या. पुढें बहुतेक राज्यांनीं हें प्रमाणपत्र परवान्याची अट म्हणून स्वीकारलें. अमेरिकन अकॅडमी ऑफ नर्स प्रॅक्टिशनर्स या संस्थेच्या प्रमाणन मंडळाच्या कुटुंब-परिचर्येच्या परीक्षेचा दीर्घकाळ चालत आलेला नमुना असा आहे: तीन तास, १५० प्रश्न, त्यांतील १३५ प्रश्नांचेच गुण धरावयाचे, उरलेले १५ पुढील परीक्षांसाठीं पारखून पाहण्याकरितां घातलेले. ते कोणते, हें परीक्षार्थिनीला सांगितलें जात नाहीं. प्रश्नांचा रोख चार गोष्टींकडे असतो: रोग्याची पाहणी, निदान, उपचाराची आंखणी, आणि झालेल्या परिणामाची पारख.

या परीक्षेला बसणारी स्त्री कोंवळी विद्यार्थिनी नसते. तिची नोकरी असते, बहुधा संसार असतो, शिक्षणाचें कर्ज असतें. आपल्या दालनांत ती जाणती समजली जाते, नव्या मुली तिला विचारून काम करितात. आणि येथें ती पुन्हां शिकाऊ होते. शिवाय रुग्णालयानें तिच्या अंगीं एक सवय बाणविलेली असते. औषधाच्या मापांत चूक झाली तर माणूस दगावतो, म्हणून प्रत्येक चूक तिच्या लेखीं घोर असते. तीच सवय ती परीक्षेच्या खोलींत घेऊन येते व विसाव्या प्रश्नाला अडखळली कीं सारें हातचें गेलें असें मानते. जी वृत्ति रोग्याचें रक्षण करते, तीच येथें तिच्याविरुद्ध साक्ष देते.

भयाच्या या अंगाचा शास्त्रीय विचार दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. येल विद्यापीठांत जॉर्ज मँडलर व सीमूर सॅरासन यांनीं १९५२ सालीं परीक्षेची धास्ती मोजण्याची प्रश्नावली सिद्ध केली. १९६७ सालीं लीबर्ट व मॉरिस यांनीं या धास्तीचे दोन भाग पाडले. एक शरीराची खळबळ, म्हणजे धडधड, घाम, थरथर. दुसरी चिंता, म्हणजे मनांत चाललेलें बोलणें: आपण नापास होऊं, लोक काय म्हणतील, इतक्या वर्षांचें चीज झालें नाहीं. पुढील संशोधनांतून असें दिसून आलें कीं गुण कमी होण्याशीं अधिक निकटचा संबंध या दुसऱ्या भागाचा आहे. माणसाचें लक्ष मर्यादित असतें. त्यांतला मोठा वांटा चिंतेनें घेतला, तर प्रश्नाला उरतो तो लहान वांटा. पाठ झालेलें ऐन वेळीं आठवेनासें होतें, याचें कारण पुष्कळदां विस्मृति हें नसून गर्दी हें असतें.

मग तयारी करावी तरी कशी? या प्रश्नालाहि इतिहास आहे. जर्मन शास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनीं १८८५ सालीं स्वतःवरच प्रयोग करून दाखविलें, कीं पाठ केलेलें पहिल्या कांहीं तासांतच वेगानें विसरलें जातें, आणि एका बैठकींत घोकण्यापेक्षां निरनिराळ्या दिवशीं केलेली उजळणी अधिक टिकते. आर्थर गेट्स यांनीं १९१७ सालीं मुलांवर प्रयोग करून असें दाखविलें, कीं पुस्तक वाचीत बसण्यापेक्षां तें मिटून स्वतःला म्हणून दाखविण्यांत बराच वेळ घालविलेला बरा. जवळजवळ नव्वद वर्षांनीं, २००६ सालीं, रोडिगर व कार्पिकी यांनीं याच गोष्टीचा पुन्हां कस लावला. उतारा पुन्हां पुन्हां वाचणाऱ्यांना पांच मिनिटांनंतर अधिक आठवलें. परंतु एक आठवड्यानंतर पाहतां, वाचण्याऐवजीं आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढें गेले. म्हणजे वाचन तत्काळ समाधान देतें आणि सराव टिकाऊ ज्ञान देतो. आपल्याकडे पाठांतर म्हणून दाखविण्याची जी जुनी रीत होती, तिच्यांत अर्थाकडे दुर्लक्ष होण्याचा दोष असेल. पण पोथी मिटून म्हणण्याचा तिचा भाग शास्त्राच्या कसोटीला उतरला आहे.

नर्स प्रॅक्टिशनरच्या परीक्षेला हें विशेषच लागू पडतें. तेथील प्रश्न पुस्तकांतली व्याख्या विचारीत नाहीं. तो एक रोगी समोर आणून बसवितो. पन्नाशीचा गृहस्थ, छातींत जळजळ, जेवणानंतर वाढणारी. आतां प्रथम काय करावें? अशा प्रश्नांचा रोज थोडा सराव, चुकलेल्या प्रत्येक उत्तराचें कारण लिहून ठेवणें, आणि आठवड्यानें त्याच चुकांकडे परत येणें, ही पद्धति नुसत्या वाचनापेक्षां फलदायी ठरते. अखेरीस दोन-तीन वेळां घड्याळ लावून पूर्ण परीक्षेची तालीम केली, तर खोलीची व वेळेची अपरिचितता नाहींशी होते. अनोळखी गोष्टीचें भय ओळखीनें जातें, हें रोग्यांना धीर देणाऱ्या परिचारिकेला निराळें सांगावयास नको.

शरीराची खळबळ शमविण्याचे उपायहि जुनेच आहेत. एडमंड जेकबसन यांनीं १९२९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत एकेक स्नायु आधीं ताणून मग सैल सोडण्याची रीत सांगितली. संथ श्वास, आदल्या रात्रीची पुरेशी झोंप, सकाळीं नेहमींचाच आहार, हे उपाय साधे असले तरी व्यर्थ नाहींत. मात्र प्रत्येक नव्या युक्तीवर विसंबूं नये, याचेंहि एक उदाहरण आहे. परीक्षेपूर्वी दहा मिनिटें आपली चिंता कागदावर लिहून काढली तर गुण वाढतात, असा शोध २०११ सालीं रामिरेझ व बायलॉक यांनीं प्रसिद्ध केला आणि त्याचा बराच गाजावाजा झाला. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणींत तो परिणाम पुन्हां आढळला नाहीं. त्याच फेरतपासणींत, वाचलेलें आठवून काढण्याचा सराव उपयोगी पडतो, हा निष्कर्ष मात्र टिकला. लिहिल्यानें मन हलकें होत असेल तर लिहावें. पण सरावाची जागा दुसरें कांहीं घेईल, ही आशा धरूं नये.

आतां आरंभींच्या वादाकडे परत येणें योग्य होईल. नाइटिंगेलबाईंचे आक्षेप खोटे ठरले का? कायद्याच्या झगड्यांत त्या हरल्या, हें खरें. परंतु त्यांच्या दोन्ही आक्षेपांना नव्या व्यवस्थेनें मुकाट्यानें जागा करून दिली आहे. शील आणि हात यांची पारख उत्तरपत्रिकेवरून होत नाहीं, म्हणून नर्स प्रॅक्टिशनरच्या परीक्षेला बसण्यापूर्वीच शिक्षकांच्या देखरेखीखालीं प्रत्यक्ष रोगी तपासण्याचे कमींत कमी ५०० तास पुरे करण्याची अट फार दिवस चालत आली; २०२२ च्या राष्ट्रीय निकषांनीं अभ्यासक्रमांसाठीं ती संख्या ७५० पर्यंत नेली. हा वॉर्डरोपरबाईंच्या मासिक तक्त्याचाच नवा अवतार होय. आणि एकदां चढलेलें नांव जुनें होतें, म्हणून प्रमाणपत्राची मुदत पांच वर्षांची ठेविली आहे. त्यानंतर कामाचे व शिक्षणाचे तास दाखवून, किंवा पुन्हां परीक्षा देऊन, तें ताजें करावें लागतें. भारतीय परिचर्या परिषदेनें २०१६-१७ च्या सुमारास अतिदक्षता विभागासाठीं नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आंखला, तोहि रुग्णालयांतील प्रत्यक्ष कामाभोंवतींच गुंफलेला आहे.

यावरून परीक्षेचें खरें स्वरूप ध्यानांत येतें. तिच्याकडे सोंपविलेलें काम लहान आहे. या स्त्रीच्या हातीं अनोळखी रोगी दिला असतां धोका तर होणार नाहीं ना, एवढाच प्रश्न ती विचारते. ही स्त्री चांगली परिचारिका आहे का, तिचीं इतकीं वर्षें सार्थकीं लागलीं का, हे प्रश्न तिच्या कक्षेंतच येत नाहींत. त्यांचीं उत्तरें ज्या दालनांत द्यावयाचीं, तेथें तीं पूर्वीच दिलीं गेलेलीं असतात. परीक्षेचें भय अनावर होतें तें बहुधा या लहान प्रश्नाच्या जागीं तो मोठा प्रश्न ऐकूं आल्यामुळें. उंबरठ्याच्या उंचीला कोणी डोंगर समजलें, तर पाय उचलण्यापूर्वीच दम लागावयाचा.

फेनविकबाईंना हवी असलेली ढाल परिचारिकेला मिळाली आहे, आणि ती टाकून देण्यासारखी नाहीं. रोग्याच्या घरच्यांना जिच्यावर डोळे मिटून विसंबावयाचें असतें, तिनें तीन तास प्रश्नांपुढें बसावें, ही मागणी अवाजवी म्हणतां येणार नाहीं. अनुत्तीर्ण झालेली परिचारिकाहि कांहीं काळानें पुन्हां बसते व पुष्कळदां उत्तीर्ण होते. दालनांतले रोगी मधल्या काळांत तिच्यावर विसंबणें सोडीत नाहींत. परीक्षेच्या दिवशीं सकाळीं त्या खोलीचें दार उघडतांना तिनें एवढें मनाशीं धरलें तर पुरे, कीं आंत आपल्या ज्ञानाच्या एका भागाची मोजणी व्हावयाची आहे. उरलेला भाग तिच्याबरोबरच बाहेर येणार असतो, निकाल कांहींहि लागो.